नकाशे तीन, जमीन एक: अमरावती-अकोल्याच्या नगररचनेतील डिजिटल साधनांचा आढावा

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातल्या दोन मोठ्या शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अनुक्रमे सुमारे ६ लाख ४७ हजार आणि ४ लाख २६ हजार भरली होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. दरम्यान दोन्ही शहरे शेतांमध्ये शिरली. अकोल्यात तर २०१६ च्या हद्दवाढीने मलकापूर, उमरी, गुडधी, शिवणी यांसारखी २४ गावे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र सुमारे चौपट झाले. एवढ्या काळात शहर कुठवर गेले हे सांगायला माणसांची मोजणी हाताशी नाही, उपग्रहाची चित्रे मात्र आहेत. त्यामुळे डिजिटल साधनांचा प्रश्न या शहरांमध्ये हौसेचा राहिलेला नाही. त्यांच्यावाचून विकास आराखडा करताच येणार नाही, इतपत सर्वांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर. या साधनांनी तयार झालेला नकाशा किती खरा मानायचा, तो कोणी तपासायचा आणि जुन्या कागदाशी त्याचे जमले नाही तर कोणाचे ऐकायचे, हे वादाचे मुद्दे आहेत.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे ठाणे अमरावती आणि पश्चिमेचे अकोला. १८६१ पासून येथे जमिनीची मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने. शेजारच्या नागपूर प्रांतात मालगुजारी होती, म्हणून तिकडे खसरा आणि वऱ्हाडात सर्वे नंबर हा फरक आजही कागदावर दिसतो. मोजणीचे साधन होते ३३ फुटांची शंकू साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. वऱ्हाडातल्या प्लॉटचा व्यवहार आज चौरस फुटांत होत असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला सर्वे नंबर त्या साखळीने आखलेला आहे.

शहराच्या आत दुसरी व्यवस्था आली. सरकारी मालकीची नझूल जमीन, तिच्या शीट, तिच्या प्लॉटचे नंबर आणि मालमत्तेची नोंद म्हणून आखीव पत्रिका. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मिळकत पत्रिका किंवा प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, त्याचेच हे विदर्भातले रूप. शेताचा नकाशा सारा ठरवण्यासाठी झाला आणि नझूलचा नकाशा सरकारी जागेचा हिशेब ठेवण्यासाठी. नगररचनेसाठी यांतला एकही नकाशा केलेला नव्हता, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावी लागते.

नियोजनाचा कायदा मुंबई प्रांतात १९१५ मध्ये आला, १९५४ मध्ये तो नव्याने झाला आणि आज आपण ज्याच्या आधारे चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. याच परंपरेत पॅट्रिक गेडिस यांचे नाव घ्यावे लागते. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्र आणि नागरशास्त्र शिकवणारे गेडिस १९१८ च्या आपल्या इंदूर अहवालातही हेच सांगत होते की आधी शहर पायी फिरून, पाहून समजून घ्या, आखणी मग करा. १९६६ च्या कायद्याने हा आग्रह कलम २५ मध्ये आपल्या पद्धतीने घेतला. विकास आराखड्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करणे त्याने बंधनकारक केले. कोणत्या जागेवर घर आहे, कुठे दुकान, कुठे शाळा, कुठे पडीक, हे त्यात दाखवायचे. डिजिटल साधनांचा पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग आज याच नकाशासाठी होतो.

नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ मध्ये स्थापन झाले आणि राज्यात उपग्रह चित्रांवरून नकाशे करण्याची सवय हळूहळू रुळली. शहरांच्या बाबतीत निर्णायक वळण आले ते २५ जून २०१५ रोजी. त्या दिवशी केंद्राने स्मार्ट सिटी आणि अमृत या दोन्ही मोहिमा जाहीर केल्या. स्मार्ट सिटीसाठी महाराष्ट्राने सुचवलेल्या पहिल्या यादीत अमरावती होती, पण अंतिम निवडीत ती आली नाही. कॅमेऱ्यांचे नियंत्रण कक्ष आणि मोठ्या पडद्यांचा तो मार्ग त्यामुळे येथे फारसा चर्चेचा झाला नाही. अमृतच्या देशभरातल्या ५०० शहरांत मात्र अमरावती, अकोला, अचलपूर आणि यवतमाळ ही चारही नावे होती. या मोहिमेची एक उपयोजना जीआयएसवर, म्हणजे संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीवर, आधारित विकास आराखडे करण्याची होती आणि त्यासाठी नकाशाचे प्रमाण १:४००० ठरले. वऱ्हाडातली चर्चा म्हणूनच मुख्यतः नकाशाभोवती फिरते.

१:४००० म्हणजे काय

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक वाद इथूनच निघतात. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ दोन मीटर जागा व्यापते. एखाद्या भागात शाळा किती, मैदान कुठे हवे, नवा रस्ता कोणत्या बाजूने न्यावा, हे ठरवायला एवढी अचूकता पुरते. पण ३० फूट रुंदीच्या प्लॉटच्या मालकाला रस्त्याची रेघ आपल्या ओट्यावरून जाते की भिंतीतून, हे विचारायचे असेल तर ती पुरत नाही. लोक प्रत्यक्षात विचारतात ते नेमके हेच.

हद्दवाढीत आलेल्या भागातला एखादा पंचवीस वर्षांपूर्वीचा लेआऊट डोळ्यांसमोर आणा. सातबारावर तो अजून एक सर्वे नंबर असतो आणि त्यावर पंधरा-वीस खरेदीदारांची नावे चढलेली असतात. लेआऊटच्या कागदावर नऊ मीटरचा रस्ता आणि कोपऱ्यात ओपन स्पेस आखलेली असते. प्रत्यक्षात रस्ता सात मीटरचा उरलेला असतो, ओपन स्पेसवर मंदिर आणि त्यामागे दोन घरे असतात. काही घरांचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि खरेदीखत, त्यापलीकडे काही नाही. उपग्रहाच्या चित्रात दिसतात फक्त छपरे. छपराच्या कडेवरून भिंत कुठे आहे ते ताडावे लागते आणि भिंतीवरून हद्द कुठे आहे ते. सर्वे नंबरचा, लेआऊटचा आणि उपग्रहाचा हे तीनही नकाशे संगणकावर एकमेकांवर ठेवले की रेघा सरकलेल्या दिसतात. कागद दीडशे वर्षांत ओढला-ताणला गेला, फाटला, पुन्हा काढला गेला, गावाचे जुने दगड नाहीसे झाले. संगणक ही विसंगती निर्माण करत नाही. ती आधीपासून होती, आता ती झाकता येत नाही एवढेच.

चर्चेतल्या बाजू

पहिली बाजू नगररचना खात्यातल्या आणि महापालिकांतल्या अनेक अधिकाऱ्यांची, तसेच या क्षेत्रातल्या तंत्रज्ञांची. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायला माणसे वर्षानुवर्षे फिरत आणि नकाशा पूर्ण होईपर्यंत शहर बदललेले असे. आता काही महिन्यांत एकसमान आधार मिळतो. कोणते आरक्षण ताब्यात आले, कोणते नुसते कागदावर आहे, हे एका नजरेत कळते. याला कायदेशीर महत्त्व आहे, कारण कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक सूचना देऊ शकतो आणि ठरल्या मुदतीत संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. कुठली मैदाने हातची जाणार आहेत हे वेळेत कळले तर काही वाचवता येतील. या युक्तिवादात मला बरेच तथ्य दिसते. बागा आणि शाळांच्या जागा बहुधा गाफीलपणातच गेल्या आहेत.

दुसरी बाजू भूमी अभिलेखाशी रोज काम असणाऱ्यांची, म्हणजे भूकरमापक, महसुलाचे जाणकार, दिवाणी वकील. त्यांच्या लेखी उपग्रहाचा किंवा ड्रोनचा नकाशा कितीही देखणा असला तरी तो ताबा दाखवतो, हक्क दाखवत नाही. हद्द कायम करायची तर मूळ मोजणीचा अभिलेख, वहिवाटदारांना सूचना आणि जागेवर पंचनामा लागतो. आता मोजणीही बदलली आहे. प्लेन टेबल मागे पडले, ईटीएस यंत्र आले आणि त्यानंतर सर्वेक्षण विभागाच्या स्थिर केंद्रांशी जोडलेले रोव्हर, जे काही सेंटिमीटरपर्यंत स्थान देतात. पण या मंडळींचा मुद्दा असा की आजचा बिंदू अचूक मिळाला म्हणून जुनी हद्द अचूक होत नाही. १८६० च्या दशकातली साखळी आणि २०२० च्या दशकातला रोव्हर यांच्यात फरक आला तर तो कोणाच्या वाट्याला टाकायचा, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो यंत्राने सुटत नाही.

तिसरी बाजू नागरिकांच्या सहभागाचा आग्रह धरणाऱ्यांची. त्यांच्याकडे महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला मुंबईचा आहे. तेथे २०१२ मध्ये विद्यमान जमीन वापराचे नकाशे लोकांपुढे ठेवले गेले आणि त्यात असंख्य चुका निघाल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा असलेले रस्ते गायब, वारसा वास्तूंची नोंद नाही, धार्मिक स्थळांवर भलतीच आरक्षणे, असे प्रकार पुढे आले. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा मांडण्याचा आदेश दिला, आणि मंजुरी मिळायला २०१८ उजाडले. तंत्रज्ञान तेव्हाही होतेच, उणीव राहिली ती जागेवर जाऊन खात्री करण्यात. याच बाजूचे लोक एक उजळ दाखलाही देतात. पुण्यात १९९३ मध्ये सुरू झालेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने झोपडपट्ट्यांचे नकाशे वस्तीतल्या लोकांना, विशेषतः बायकांना बरोबर घेऊन जीआयएसवर उतरवले आणि पुढे सांगली-मिरजेतही तेच केले. अमरावती-अकोल्याला मुंबईपेक्षा सांगली जवळची वाटावी, कारण तीही मध्यम आकाराची महापालिका आहे. गरिबांची घरे उपग्रहाला दिसतात ती एकसंध करड्या डागासारखी. त्या डागात किती कुटुंबे, किती नळ आणि किती बोळ आहेत, हे तिथे राहणारेच सांगू शकतात.

चौथी बाजू साशंक आहे, आणि तिचे कारण कर हे आहे. नकाशा अद्ययावत झाला की पाठोपाठ घरपट्टी येते, असा लोकांचा अनुभव आहे. अकोल्यात २०१७ च्या सुमारास मालमत्तांचे नव्याने झालेले मूल्यांकन आणि त्यातून आलेली करवाढ शहराच्या राजकारणात वर्षानुवर्षे धुमसत राहिली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. महापालिकेच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. नव्या गावांना पाणी, नाल्या, दिवे द्यायचे तर उत्पन्न हवे आणि नोंदच नसलेल्या मालमत्तांचा भार नियमित भरणाऱ्यांनी का सोसावा? दोन्ही म्हणणी रास्त आहेत. अडचण ही की एकच सर्वेक्षण नियोजनासाठीही वापरले जाते आणि वसुलीसाठीही, त्यामुळे माणसे सर्वेक्षकाला खरी माहिती द्यायला कचरतात आणि नियोजनाचा पाया कच्चा राहतो. जगातही हा अविश्वास नवा नाही. कॅनडात टोरांटोच्या किनाऱ्यावर गुगलच्या भगिनी कंपनीने २०१७ मध्ये मांडलेला डिजिटल वस्तीचा प्रकल्प मे २०२० मध्ये सोडून दिला गेला. कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले, पण त्याआधीची सगळी वर्षे रहिवाशांची माहिती कोणाकडे राहणार या वादातच गेली होती. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. घराच्या नकाशाला नाव, फोन आणि थकबाकी जोडल्यावर तो नकाशा कोणी कितपत पाहावा, यावर महापालिकांच्या पातळीवर फारसे बोलले जात नाही.

परवानगीची नवी वाट

सामान्य माणसाला नगररचना भेटते ती बांधकाम परवानगीत. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याने मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून सर्वत्र लागू होणारी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. नियम एक झाल्यामुळे ते संगणकावर तपासणे शक्य झाले आणि बीपीएमएस ही ऑनलाइन प्रणाली पुढे आली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या लहान घरांसाठी आराखडा दाखल करून काम सुरू करण्याची मुभा, ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी, अशा तरतुदी त्यात आहेत. वऱ्हाडातली बहुसंख्य घरे याच मापात बसतात.

वास्तुविशारद आणि अभियंते सांगतात की साइड मार्जिन, उंची, चटईक्षेत्र यांची तपासणी आता वादातीत होते. ज्याचा लेआऊट मंजूर आणि आखीव पत्रिका स्वच्छ, त्याचे काम सुटसुटीत झाले. पण गुंठेवारीतल्या प्लॉटधारकाचे काय? २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये बदल होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली. तरी प्रणालीच्या पहिल्याच रकान्यात मालकीचा कागद लागतो आणि तोच अनेकांकडे अपुरा असतो. प्रणाली जलद झाली ती आधीच कायद्याच्या आत असलेल्यांसाठी. बाहेर राहिलेल्यांचा प्रश्न जसा होता तसाच राहिला आहे.

उंचीचा नकाशा

आतापर्यंतच्या चर्चेत ज्याला फार कमी जागा मिळाली तो विषय पाण्याचा आहे, आणि माझ्या मते वऱ्हाडातल्या शहरांसाठी तोच सर्वांत तातडीचा आहे. पातूरच्या डोंगरांकडून येणारी मोर्णा अकोल्याचे जुने शहर एका काठावर आणि ताजनापेठेची बाजू दुसऱ्या काठावर ठेवून पुढे पूर्णेला मिळते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी तिच्या पात्रातली जलपर्णी काढली आणि त्याचा उल्लेख पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये झाला. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत मात्र नदी-नाल्यांकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अमरावतीत पोहऱ्याच्या टेकड्यांवरून, वडाळी आणि छत्री तलावाच्या बाजूने उतरणारे पाणी अंबा नाल्याच्या वाटेने भर वस्तीतून जाते.

पूररेषा दोन असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी. या रेषा काढायला जमिनीची उंची लागते. सपाट काळ्या मातीच्या प्रदेशात अर्ध्या मीटरच्या चढ-उतारावर पाणी कोणत्या गल्लीत वळेल हे ठरते. वरून काढलेल्या साध्या चित्रावरून बेतलेला १:४००० चा नकाशा आडवे सगळे दाखवतो, उभे फारसे काही दाखवत नाही. ड्रोनच्या एकमेकांवर येणाऱ्या छायाचित्रांतून उंचीचे प्रारूप करता येते आणि जमिनीवरचे बिंदू घेऊन ते नेमके करता येते. काही अभियंते म्हणतात, आधी हे करा, मगच लेआऊटचे रस्ते आणि नाल्या आखा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, लहान नाल्यांसाठी एवढा खर्च आणि वेळ परवडणार नाही, मुख्य नदीपुरते पुरे. पण लेआऊट पाडताना बुजतात ते लहान नालेच. जुन्या गाव नकाशावर त्यांच्या निळ्या रेघा अजून आहेत. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा तो कागद आणि आजचे उंचीचे प्रारूप एकत्र ठेवले तर बुजलेल्या वाटा शोधता येतील. तिन्ही नकाशांच्या भांडणात जुना नकाशा उपयोगी ठरण्याची ही जागा आहे.

काय सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न अधिकाराचा. भूमी अभिलेख महसूल विभागाकडे, विकास आराखडा नगरविकासाकडे आणि घरपट्टीची नोंद महापालिकेकडे. तिघांचे नकाशे जुळले नाहीत तर शेवटचा शब्द कोणाचा, याचे एकच उत्तर आज कायद्यात नाही. केंद्राची २०२० मधली स्वामित्व योजना ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देते, पण ती ग्रामीण भागासाठी आहे. अकोल्याच्या हद्दवाढीतली गावे तोवर ग्रामीण राहिली नव्हती. शहरांसाठीचा नक्शा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ शहरांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. ज्या गावठाणांचे नगर भूमापन आधी झालेले नव्हते, ती या दोन योजनांच्या मधल्या फटीत राहतात.

दुसरा प्रश्न माणसांचा. २०२२ पासून दोन्ही महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. नकाशातली चूक वॉर्डातल्या ज्या नगरसेवकाने दाखवायची, तोच त्या काळात नव्हता. शिवाय सर्वेक्षण बहुधा बाहेरची संस्था करते, आणि काम संपवून ती गेल्यावर नकाशा चालू ठेवणारा, दर महिन्याच्या नव्या बांधकामांची नोंद घेणारा कर्मचारी महापालिकेत कोण असेल, हे निविदेत क्वचितच लिहिलेले असते.

तिसरा प्रश्न खुलेपणाचा. २०२१ मध्ये केंद्राने नकाशांवरची जुनी बंधने बरीच सैल केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरण आणले. तरी नागरिकाला मिळणारा विकास आराखडा बहुतेक वेळा चित्राच्या रूपातला असतो. तो पाहता येतो, पण त्यावर आपला सर्वे नंबर ठेवून मोजता येत नाही. प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. तेवढ्यात सामान्य माणसाने नकाशा समजून घेऊन हरकत लिहायची, तर त्याच्या हाती तोच नकाशा हवा जो आखणाऱ्याच्या हाती आहे.

चौथा प्रश्न क्रमाचा, आणि तो बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेली विमानसेवा, नांदगाव पेठजवळचे वस्त्रोद्योग उद्यान, समृद्धी महामार्ग यांमुळे अमरावतीत अधिक निकडीचा झाला आहे. जमिनीचे भाव आराखड्याची वाट पाहत नाहीत. विद्यमान वापराचा नकाशा वॉर्डावॉर्डांत लोकांपुढे ठेवून आधी दुरुस्त करावा आणि आरक्षणे त्यानंतर आखावीत, असे सहभागवादी म्हणतात. त्यात एक वर्ष गेले तर तोवर मोकळी जागाच उरणार नाही, असे प्रशासन म्हणते. कलम २५ च्या नकाशावर हरकती मागवण्याची सक्ती कायद्यात नाही, तशी मनाईही नाही. मुंबईने २०१२ मध्ये तो स्वतःहून खुला केला होता. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक मोबाइल घेऊन घरोघर जातील आणि वऱ्हाडातल्या या दोन शहरांची खरी लोकसंख्या दीड दशकानंतर प्रथमच कळेल. शाळा, मैदाने, पाण्याच्या टाक्या यांची गरज त्या आकड्यांवर पुन्हा मोजावी लागणार आहे. ती कोणत्या नकाशावर मांडायची, हे तोपर्यंत भूमी अभिलेख, नगररचना आणि महापालिका या तिन्ही कार्यालयांनी एकत्र बसून ठरवले, तर निदान त्या वेळी तरी तीन वेगळी उत्तरे येणार नाहीत.